काट्यावर चढलेली गल्ली

"साहेब, एकेकाला काट्यावर चढवत बसायचं कशाला? मी अख्खी गल्लीच एकदम तोलून दाखवते! आणि हिवाळा संपायच्या आत तिचं वजन उतरवूनही दाखवते! नाही उतरलं, तर माझी खोली तुमची!"

आरोग्य केंद्राच्या बैठकीत आहारताई हे बोलल्या आणि बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण हे मोठ्यांदा बोललो. तोवर मोठ्या डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला होता. चहा अर्धा असताना मोठे डॉक्टर कप खाली ठेवतात ते गावात साथ आली तर, नाहीतर कुणी आपण होऊन त्यांच्या जाळ्यात आलं तर. साथ तर आलेली नव्हती.

"खोली माझी?" डॉक्टर गोड आवाजात म्हणाले. "सगळे ऐकताहेत हं, बाई!"

ती खोली म्हणजे केंद्रातली एकमेव उजेडाची खोली. पूर्वेला खिडकी, भिंतीवर गाजर-कोबीची चित्रं, आणि मधोमध देवघरातल्या मूर्तीसारखा झाकून ठेवलेला वजनकाटा. मूर्तीला निदान कुणी हात तरी जोडतं! गल्लीतली माणसं दारापर्यंत यायची, तो काटा बघायची आणि सगळ्यांना एकदम आठवायचं, की आपण शेगडीवर दूध ठेवून आलो आहोत. डॉक्टरांचा त्या खोलीवर डोळा होता, कारण त्यांच्याकडे भुकटीचे डबे होते. अशक्त मुलांसाठी वरून आलेली शक्तीची भुकटी! जिन्यात डबे, व्हरांड्यात डबे, डॉक्टरांच्या खुर्चीखाली डबे. ती कुणी खात नव्हतं. चव अशी, की ओल्या भिंतीला जीभ लावावी! कोपऱ्यावरचे शिंपीकाका तेवढे आवडीने डबा घेऊन जात. पुढे कळलं, की ते तिची खळ करून कॉलरींना लावतात. त्या कॉलरी अशा उभ्या राहत, की मान वळवायची तर माणसाला खांद्यासकट वळावं लागे.

आता ताई हरल्या, की खोलीत डबे जाणार आणि ताई जाणार जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीत. म्हणजे माणूस जन्माला आला की भेटणार, नाहीतर गेल्यावर. मधल्या सगळ्या काळात तो काय खातो, याच्याशी ताईंचा संबंध संपला!

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी नवऱ्याला सांगितलं, तर त्याने वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही.

"गल्ली तोलणार? कशात, पिशवीत घालून?"

"ते मी बघते!"

"बघ बाई. पण खिडकीजवळची जागा मिळते का तेवढं विचारून ठेव. दाखल्यांच्या."

सासूबाई कोपऱ्यात बसून भाजी निवडत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, कारण त्या सकाळी बोलतच नसत. आपल्याआधी बाहेरच्या कुणाच्या तरी मुखी घास पडल्याशिवाय जेवायचं नाही आणि जेवण होईपर्यंत शब्द काढायचा नाही, हा त्यांचा रोजचा नेम. कधी मांजर जेवे, कधी टपालवाला. सासूबाई फक्त मान हलवत. आणि त्यांची ती मान अशी काही गोड, गोल, चहूकडून हलायची, की "हो" हवं असेल त्याला त्यात "हो" दिसावं आणि "नाही" हवं असेल त्याला "नाही"!

ही मान लक्षात ठेवा. पुढचा सगळा गोंधळ तिने घातला आहे.

*

गल्लीच्या टोकाला धान्याचं गोदाम होतं आणि गोदामाच्या फाटकात ट्रक तोलायचा भुईकाटा. जमिनीत बसवलेला लोखंडी पाट, शेजारी पत्र्याची खोपटी, खोपटीत भली मोठी तबकडी आणि काटेवाला. आहारताई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तोलायचं होतं."

"माल काय?" काटेवाल्याने पेन्सिल कानामागून काढली.

"माणसं."

"पोत्यात की सुटी?"

"अहो, जिवंत माणसं! आपली गल्ली! एकेकटं कुणी काट्यावर चढत नाही. लाज वाटते. सगळी एकदम चढली, की कुणाचं किती ते कुणालाच कळणार नाही. आता एकदा तोलायची, हिवाळा सरताना परत एकदा. मधे मी त्यांचं खाणं सुधारते."

काटेवाल्याने बराच विचार केला. "एकदम चढवा मात्र. हा जुना काटा आहे ताई, ट्रकांवर वाढलेला. एकट्यादुकट्या माणसाला तो ओळखसुद्धा दाखवत नाही."

खात्री करायला शिंपीकाका पाटावर चढले. उड्या मारल्या. तबकडीवरची सुई ढिम्म!

"अपमान आहे हा," शिंपीकाका उतरता उतरता म्हणाले.

तेवढ्यात गोदामातून मुकादमीणबाई आल्या. पोती वाहणाऱ्या सगळ्या बायका त्यांच्या हाताखाली. गल्लीच्या मागच्या ओळीत, बोळापलीकडे, या बायकांची घरं होती. पुढच्या ओळीत दुकानं आणि दुकानांवर राहणारी सुखवस्तू माणसं. पुढच्या ओळीत जिने कुरकुरायचे आणि मागच्या ओळीत पोटं.

"गल्ली तोलताय म्हणे! आणि आम्ही?"

"तुम्ही... म्हणजे, तुमची वजनं उतरवायची नाहीयेत ना, मुकादमीणबाई. आहेत कुठे उतरवायला?"

"ते आम्हाला माहीत नाही. बोळापलीकडे गल्ली संपते का? आम्हाला वगळून गल्ली तोलणार असाल, तर काट्याची किल्ली माझ्या कमरेला आहे, हे सांगून ठेवते!"

झालं! मागची ओळही काट्यावर आली. हिशेबात काय फरक पडणार, असं ताईंना वाटलं. मूठभर तर वजन त्यांचं!

पहिल्या तोलाच्या सकाळी गल्ली लग्नाला निघाल्यासारखी निघाली. बेकरीवाले पुढे. त्यांना पाटावर चढवायला मागून दोघांनी रेटा दिला आणि ते चढले तेव्हा पाट कण्हला. त्यांच्या मागे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे बेकरीवहिनी. मग किराणावाले, त्यांचे तीन भाऊ, औषधवाले. शेवटी मागची ओळ. मुकादमीणबाईंच्या कडेवर त्यांची धाकटी होती, काडीसारखी. वारा आला की मुकादमीणबाई तिला घट्ट धरत.

"शिंपीकाका, कोटाखाली काय आहे?"

"कुठे काय!"

"दाखवा."

शिंपीकाकांनी कोटाखालून कोळशाची इस्त्री काढली. "अहो, आज जरा जास्त भरलं, तर पुढच्या वेळी कमी दिसेल ना! तुमच्याच भल्यासाठी, ताई!"

"खाली ठेवा ती!"

इस्त्री खाली आली. मग औषधवाल्यांच्या खिशांतून दोन खलबत्ते खाली आले. किराणावाल्यांच्या भावांनी मापं काढून ठेवली. सगळा लोखंडी प्रामाणिकपणा पाटाशेजारी रचून झाल्यावर आहारताईंनी शिटी फुंकली, सुई फिरली, थांबली, आणि काटेवाल्याने ती जिथे थांबली तिथे तबकडीवर खडूची लाल रेघ मारली.

"हिवाळा सरताना सुई या रेघेच्या अलीकडे आली पाहिजे!" ताई गरजल्या.

गल्लीने टाळ्या वाजवल्या. ताईही वाजवत होत्या. त्या पाटाच्या बाजूला, जमिनीवर उभ्या होत्या. शिटी कुणीतरी फुंकायला हवी ना!

*

ताईंचे नियम दोनच. पहिला: ताटाला हात लावायच्या आधी अर्धं जेवण काढून झाकणाच्या डब्यात ठेवायचं. दुसरा: उरलेला प्रत्येक घास तोंडात पाणी होईपर्यंत चावायचा.

गल्लीने हे एवढं मनावर घेतलं, की दुपारी सगळ्या गल्लीत रवंथाचा आवाज येई. बेकरीवाले एक पाव खायला बसले, की दुकानात आलेलं गिऱ्हाईक हात जोडून थांबे. बोलायला तोंड रिकामं नसायचं! सगळे एकमेकांवर पाळत ठेवू लागले. "ताई, किराणावाल्यांनी काल दोनच वेळा चावून गिळलं! मी भिंतीच्या फटीतून मोजलं!" अशा चहाड्या येऊ लागल्या.

ताई घरोघर फिरत. सकाळी निघत त्या जेवणवेळ टळून गेल्यावर परतत.

"ताई, बघा ना, लोणी कमीच घातलंय ना?"

"बघून कसं कळणार? चाखावं लागेल."

आणि चाखत. विज्ञान म्हणजे विज्ञान, तोंडी पुराव्यावर चालत नाही! बेकरीवहिनींकडे बिनसाखरेचा केक चाखला. तो खरोखर बिनसाखरेचा आहे का याची शंका आली, म्हणून पुन्हा चाखला. औषधवाल्यांकडे सूप, किराणावाल्यांकडे चारही भावांच्या चार चुलींवरचा भात. कुणाला दुखवून चालत नाही हो लोकांच्या कामात!

त्या फिरत असताना इकडे गल्लीच्या मागल्या दारांनी सासूबाई फिरत होत्या.

त्याचं असं झालं. मोहिमेच्या पहिल्याच दिवशी सासूबाईंनी बेकरीवहिनींच्या ओट्यावर तो अर्ध्या जेवणाचा डबा पाहिला. हात न लावलेलं, गरम, शहाण्यासारखं झाकलेलं अन्न. त्याचं पुढे काय करायचं, हे आहारताईंनी कुणाला सांगितलंच नव्हतं. खाण्याचा विचार त्यांनी फार केला होता; न खाल्लेल्याचा करायचा राहून गेला होता. सासूबाईंनी डब्याकडे बोट दाखवलं.

"हा? तपासायला नेताय वाटतं केंद्रात?" बेकरीवहिनींनी विचारलं.

सासूबाईंनी मान हलवली. गोल, गोड.

"न्या, न्या! लोणी बेतानेच आहे म्हणावं!"

आणि दुपारपर्यंत पुढच्या ओळीभर झालं, की आहारताईंच्या सासूबाई नमुने गोळा करतात. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मागल्या दाराशी डबा तयार! आणि तोही कसा, तर तपासायला जाणार म्हणून अगदी निगुतीने रांधलेला. डाळ घट्ट, भाजी ताजी, वर एक उकडलेलं अंडं, "आमच्या घरात काही कमी नाही हे केंद्राला कळू दे" म्हणून.

सासूबाई डबे घेऊन बोळ ओलांडत.

मुकादमीणबाईंनी पहिल्या दिवशी दारातच हात आडवा घातला. "हे काय? दानधर्म असेल, तर परत न्या. आम्ही पाठीवर पोती वाहतो, उपकार नाही वाहत!"

सासूबाईंनी मान हलवली. मुकादमीणबाईंना त्यात स्पष्ट "नाही" दिसलं.

"दान नाही? मग काय, त्या वजनाच्या मोहिमेचं आहे का?"

पुन्हा मान.

मुकादमीणबाई विचारात पडल्या आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी मागे वळून आपल्या बायकांना हाक दिली. "अगं, या इकडे! पुढच्यांना मोहिमेत खाणं कमी करायचंय, आणि उरलेलं संपवायचं काम आपल्याकडे दिलंय! आपणही काट्यावर होतो ना! आता अन्न उरलं, तर पुढचे त्याला परत हात घालणार आणि ताईंची खोली जाणार. कंबर कसा!"

मागच्या ओळीने कंबर कसली. कामात कुचराई करणं त्या बायकांच्या रक्तातच नव्हतं. डबे घासूनपुसून रिकामे परत जात. पोरं ढेकर देत आणि विचारत, "आई, आज ताईंची खोली वाचली का गं?" आणि बोळाच्या तोंडाशी सासूबाई मुलांचं जेवण होईपर्यंत उभ्या राहत, मग घरी जाऊन आपल्या ताटाला हात जोडत. इतक्या जणांनी आधी जेवल्यावर आपण जेवायचं, असं भाग्य त्यांच्या नेमाला कधी लाभलं नव्हतं!

जेवण झाल्यावर वाचा मोकळी होई. पण तेव्हा त्यांना काय वाटे, की झालेली गोष्ट बोलून कशाला उगाळायची?

*

दुसऱ्या तोलाच्या सकाळी आहारताई आपल्या खोलीत गेल्या, तर मोठे डॉक्टर आत टेप घेऊन भिंत मोजत होते. दाराबाहेर भुकटीचे डबे रांगेत उभे! वरातीतले पाहुणेच जसे.

"नुसतं बघून ठेवतोय हो, बाई. खिडकी बुजवली, तर अजून एक थर बसेल."

ताईंनी मान ताठ केली. "या तर खरं काट्यापाशी!"

ताईंना विजयाची खात्री होती. बेकरीवाले आज कुणी न रेटता पाटावर चढले. किराणावाल्यांच्या धाकट्या भावाची अंगठी बोटातून गळून पडली. पाटावर पुढच्या ओळीने एकमेकांच्या खप्पड गालांचं कौतुक केलं. मागून मागची ओळ चढली. डॉक्टर हाताची घडी घालून खोपटीत. ताईंनी शिटी फुंकली.

सुई निघाली. रेघेकडे आली. ताई मनातल्या मनात "थांब, थांब, थांब" म्हणत होत्या.

थांबली! बरोब्बर लाल रेघेवर. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

"माल तेवढाच," काटेवाला म्हणाला.

पाटावर अशी शांतता पसरली, की बेकरीवाल्यांचं पोट गुरगुरलेलं सगळ्यांना ऐकू गेलं. मग एकच कल्ला!

"कोण खात होतं चोरून?"

"माझ्याकडे काय बघता? माझी विजार सुतळीने बांधलीय!"

"शिंपीकाका, इस्त्री!"

"अहो, इस्त्री घरी आहे! देवाशपथ!"

"काटा बिघडलाय!"

"माझ्या काट्याला बोलायचं नाही हां!" खोपटीतून आवाज आला.

डॉक्टरांनी टेप खिशातून काढून ताईंच्या हातात दिला. "तुम्हीच मोजून द्या बाई, खिडकीचं. तुम्हाला सवय आहे खोलीची."

ताईंचे डोळे भरून आले. हिवाळाभर पायपीट केली. सगळी गल्ली अर्धपोटी ठेवली. मग वजन गेलं कुठे?

तेवढ्यात बेकरीवहिनी पुढे आल्या. "एक विचारू का ताई? राग मानू नका. रोज आमच्या घरून जे नमुने जात होते, त्यांचं केंद्रात काय झालं?"

"कसले नमुने?"

"आता काय बोलावं! तुमच्या सासूबाई नेत होत्या ते डबे! सगळ्या ओळीचे!"

"आमच्या केंद्रात कुणी नमुने आणलेले नाहीत," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला.

सगळ्या माना सासूबाईंकडे वळल्या. शिंपीकाका खांद्यासकट वळले.

"आई?" ताई म्हणाल्या. "डबे कुठे गेले?"

सासूबाईंनी मान हलवली.

"म्हणजे तुम्ही नेले?"

मान.

"म्हणजे नाही नेले?"

मान. तीच!

"अहो, काहीतरी बोला ना!" गल्ली ओरडली.

"त्या बोलणार नाहीत," ताईंनी कपाळाला हात लावला. "त्यांचं जेवण झालेलं नाही."

"मग जेवू घाला त्यांना!" डॉक्टर खेकसले.

"त्यांच्याआधी दुसऱ्या कुणीतरी जेवायला हवं!"

"घ्या!" बेकरीवाले धावत दुकानात गेले आणि ताजा पाव घेऊन आले. हिवाळाभर त्यांना कुणी असं धावताना पाहिलं नव्हतं. त्याआधी तर जन्मात नाही. पाव कुणाला द्यायचा? समोर मुकादमीणबाईंच्या कडेवर धाकटी होती. तिने अर्धा पाव घेतला आणि गल्लीच्या डोळ्यांदेखत फस्त केला. उरलेला सासूबाईंच्या हातात गेला. सासूबाईंनी हात जोडले, एक घास तोडला, तोंडात घातला आणि चावू लागल्या.

चावत राहिल्या.

"आई, गिळा ना!"

सासूबाईंनी डोळ्यांनीच सुनेला दटावलं. घास तोंडात पाणी होईपर्यंत चावायचा, हा नियम कुणाचा? सुनेचाच! घरातल्या माणसानेच मोडायचा की काय? काटेवाला खोपटीतून बाहेर येऊन बसला. डॉक्टर घड्याळ बघत होते. अख्खी गल्ली लोखंडी पाटावर उभी राहून एका म्हाताऱ्या जबड्याकडे बघत होती!

आणि आहारताई बघत होत्या त्या धाकटीकडे. ती दुसऱ्या पावासाठी हात पुढे करत होती. तिची बाही वर सरकली होती. हात... हा हात त्यांनी पाहिला होता. मागच्या तोलाला. तेव्हा त्याच्यावर फक्त कोपर होतं.

ताईंच्या पर्समध्ये डॉक्टरांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना वाटलेली दंड मोजायची पट्टी होती. लहान मुलाच्या दंडाला गुंडाळायची. लाल रंगावर आली तर मूल धोक्यात, पिवळ्यावर आली तर काठावर, हिरव्यावर आली तर देवाची कृपा. हिवाळ्याआधी या पोरीची पट्टी लाल होती. ताईंनी ती पुन्हा गुंडाळली.

हिरवी!

"मुकादमीणबाई, हिला काय खायला घातलंत?"

"म्हणजे काय ताई? तुम्हीच पाठवलेलं!" मुकादमीणबाईंना आश्चर्य वाटलं. "पुढच्यांचं उरलेलं संपवायचं काम आमचं ना? एक शीत मागे ठेवलं नाही बघा! पोरांनी तर मन लावून केलं! काम चोख झालं ना? खोली वाचली ना?"

नेमका तेव्हाच सासूबाईंचा घास उतरला. त्यांनी पदराने ओठ टिपले आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, चांगलं गरम अन्न होतं. टाकून द्यायचं होतं का?"

मग आहारताई शिटी न फुंकताच गरजल्या.

"साहेब! वजन गेलं कुठे, ते मी सांगते! कुठेही गेलं नाही! बोळ ओलांडून पलीकडे गेलं! नको होतं तिथून उतरलं आणि हवं होतं तिथे चढलं! काटा बिचारा दोघांना एकदम तोलतोय, तो सांगणार तरी कसा? बेकरीवाले, तुमची सुतळी दाखवा!"

बेकरीवाल्यांनी सदरा वर करून अभिमानाने सुतळी दाखवली. पोट दिसतं याची त्यांना आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली नाही.

"शर्त वजन उतरवायची होती," डॉक्टर पुटपुटले. पण त्यांचं लक्ष पट्टीकडे होतं. त्यांनी ती ताईंच्या हातातून घेतली. वाकले. शेजारच्या पोराच्या दंडाला गुंडाळली. हिरवी. पुढच्याच्या. हिरवी. पाटावर गुडघे टेकून ते एकेका पोरापुढे सरकू लागले. खिशातला कागद पडला, चष्मा नाकावर आला, पण ते थांबेनात. या पोरांसाठी ते किती वर्षं भुकटी ढकलत होते! एक पोरगी तेवढी पिवळ्यावर निघाली.

"तिला उद्यापासून दोन अंडी," मुकादमीणबाईंनी जागच्या जागी हुकूम सोडला.

"माझ्याकडून!" किराणावाले म्हणाले.

"पण तुम्ही खायची नाहीत हं ती, नुसती पाठवायची!" बेकरीवहिनींनी बजावलं.

डॉक्टर उठले तेव्हा त्यांच्या विजारीच्या गुडघ्यांना भुईकाट्याचा गंज लागला होता. त्यांनी घसा साफ केला. "खोली तुमचीच, बाई. आणि... टेप माझा द्या. जिना मोजतो. डबे कुठेतरी ठेवायलाच हवेत."

"डबे मी नेतो साहेब!" शिंपीकाका ओरडले. "लग्नसराई आलीय, कॉलरी भरपूर आहेत!"

मग काय विचारता! गल्लीने बोळाच्या तोंडाशी लाकडी फळी टाकायचं ठरवलं, जेवणाचे डबे ठेवायला. मुकादमीणबाईंनी अट घातली, की आमच्याही घरून आठवड्याला एक डबा पुढच्या ओळीत जाईल, नाहीतर व्यवहार बंद. बेकरीवाल्यांनी तो सगळ्यांत आधी मागून ठेवला. मुलांनी टाळ्या पिटल्या. काटेवाल्याने लाल रेघेवर खडूचं फूल काढलं. आणि आहारताईंना अख्ख्या गल्लीने उचलून घ्यायचा प्रयत्न केला. प्रयत्न केला, एवढंच.

"ताई," काटेवाला म्हणाला, "एक नग राहिला बघा."

"कोण?"

"तुम्ही. दोन्ही वेळा खालीच होतात."

सगळे एकदम ओरडले, "चढा! ताई, चढा!"

ताई हसल्या. आज त्या कशालाच भिणाऱ्या नव्हत्या. शिवाय हा काटा एकट्यादुकट्याला ओळख दाखवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. शिंपीकाकांनी उड्या मारून पाहिल्याच होत्या! त्यांनी पदर खोचला, मान वर केली, आणि व्यासपीठावर चढाव्यात तशा त्या पाटावर चढल्या. भाषणासाठी हात उंचावला.

"माझ्या प्रिय गल्लीकरांनो—"

मागे खोपटीत काहीतरी 'टक्' वाजलं.

काटेवाल्याने तबकडीकडे पाहिलं. मग ताईंकडे. मग पुन्हा तबकडीकडे, आणि त्याने हळूच टोपी काढून हातात घेतली.

"हलली," तो म्हणाला.

गल्लीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. प्रत्येकाला आपापल्या स्वयंपाकघरात चाखलेला एकेक घास आठवत होता.

"वारा असेल," सासूबाई हळूच म्हणाल्या.

झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बोळाच्या फळीवर एक डबा जास्त दिसू लागला. चांगला मोठा होता.